तिसरी रांग

बुलढाण्याहून मलकापूर स्टेशन गाठायचं तर राजूर घाट उतरावा लागतो, आणि आम्ही सात जण. अब्बांनी आधीच सांगितलं होतं, व्याजाचं कर्ज नको. तिथंच इनोव्हा हायक्रॉसची हायब्रीड बाद झाली. किंमत अर्टिगाच्या दुपटीहून जास्त. (लोक समजतात तशी तिला घरी चार्जिंगही लागत नाही, बॅटरी चालता चालताच भरते.) राहिली सीएनजीची अर्टिगा. पण तिचं सिलिंडर डिकीत. मग अम्मीची व्हीलचेअर कुठं ठेवणार? दोन वर्षं पैसे साठवून शेवटी पेट्रोलचीच घेतली. उमऱ्याच्या पैशांना हात लावला नाही. पेट्रोलचा खर्च जाणवतो. मधल्या रांगेत खिडकीपाशी अम्मी बसते. मागं आम्ही भाऊ, गुडघे छातीशी घेऊन.