बसायची जागा

तो जेमतेम आठ फूट लांब आहे. वर गुळगुळीत फळी, समोर चकचकीत दांड्यांवर बसवलेली चार स्टुलं. गाद्या काही गुलाबी, काही निळसर हिरव्या. आपल्याकडे एखाद्या जुन्या कँटीनमध्ये असा काउंटर दिसला असता, तर मी चहाचा ग्लास त्यावर ठेवला असता आणि गाडीची वाट पाहिली असती. वॉशिंग्टनला अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात मात्र मी त्याच्यासमोर पाऊण तास उभी राहिले. बसायला मनाई आहे. ज्या स्टुलांवर बसता यावं म्हणून एवढं रामायण घडलं, त्यांच्यावर आता कुणालाच बसता येत नाही.

त्याच मजल्यावर त्या देशाचा सगळ्यात मानाचा झेंडा आहे. १८१४ साली फोर्ट मॅकहेन्रीवर फडकलेला. तो पाहून ज्या ओळी सुचल्या, त्यांचंच पुढे राष्ट्रगीत झालं. कापड विरू नये म्हणून त्याला अंधाऱ्या दालनात, मंद उजेडात निजवून ठेवलंय. आत शिरताना लोकांचे आवाज आपोआप खाली येतात, देवळाच्या गाभाऱ्यात येतात तसे. काउंटरच्या वाट्याला गाभारा नाही. शाळेच्या सहलीतली मुलं त्याच्या समोरून बडबडत जात होती. काही थांबत होती. एक मुलगी शिक्षिकेला विचारत होती, ‘मग त्यांना खायला दिलं का?’ मला वाटतं, त्याच्यासमोर विचारावा असा प्रश्न हाच आहे.

त्याचं मूळ गाव ग्रीन्सबरो, नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं. पत्ता १३२, साउथ एल्म स्ट्रीट. धनी वूलवर्थ कंपनी. पाच-दहा सेंटांत संसाराच्या लहानसहान वस्तू विकून वाढलेली दुकानांची मोठी साखळी. दुकानात हिंडून दमलेल्या गिऱ्हाइकाने टेकावं, कॉफी घ्यावी, सँडविच खावं, यासाठी हा काउंटर. तेव्हा तो एवढासा नव्हता. इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा काटकोनात वळलेला, साठाहून अधिक माणसं एका वेळी बसवणारा भलामोठा गडी होता. संग्रहालयात आलाय तो त्याचा एक तुकडा.

गडी राबता होता. रोज पुसला जायचा, रोज खरकटा व्हायचा. त्याच्या मागच्या बाजूला राबणाऱ्यांत काळी माणसं होती. पुढच्या बाजूला बसायचं मात्र फक्त गोऱ्यांनी. काळ्या गिऱ्हाइकाने दुकानात खुशाल यावं, दंतमंजन घ्यावं, वह्या घ्याव्या, पैसे गल्ल्यात टाकावेत. ते पैसे कुणाला विटाळत नव्हते. भूक लागली तर उभ्याने खायची सोय वेगळी होती. बसायचं तेवढं नाही. मराठीला हे समजावून सांगावं लागत नाही. पंक्तिप्रपंच हा शब्द आपल्याकडे केव्हाचा तयार आहे.

१ फेब्रुवारी १९६०, सोमवार. दुपारी साडेचारच्या सुमारास चार काळे विद्यार्थी दुकानात आले. एझेल ब्लेअर, फ्रँकलिन मॅकेन, जोसेफ मॅकनील आणि डेव्हिड रिचमंड. चौघेही नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी या कॉलेजात पहिल्या वर्षाला. म्हणजे आपल्याकडे ज्या वयात घरून मेसचे पैसे मागवतात, त्या वयाचे. आधी त्यांनी किरकोळ वस्तू घेतल्या आणि पावत्या जपून ठेवल्या. मग काउंटरवर येऊन बसले आणि कॉफी मागितली. नकार आला. तेव्हा त्यांनी पावत्या पुढे केल्या: त्या काउंटरवर आमचे पैसे चालले, मग ह्या काउंटरवर का चालत नाहीत? मला ह्या पावत्यांचं फार वाटतं. घोषणा नाही, फलक नाही. एका दुकानाच्या तोंडावर त्याच दुकानाची पावती. दुकान बंद होईपर्यंत ते बसून राहिले. कॉफी आली नाही.

काउंटरने आयुष्यात पहिल्यांदाच अशी गिऱ्हाइकं पाहिली असतील, जी काही खायला न मिळताही उठत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. मंगळवारी वीसहून जास्त मुलं आली, मुलीही आल्या. अभ्यासाची पुस्तकं घेऊन आली आणि वाचत बसली. बुधवारी साठांवर. शनिवारी दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. शिव्या झाल्या, धमक्या झाल्या. मार्च संपेपर्यंत हे लोण तेरा राज्यांतल्या पन्नासहून अधिक शहरांत पोचलं. इंग्रजीत त्याला ‘सिट-इन’ म्हणतात. आपल्याला ठिय्या म्हटलं की पुरे.

दुसऱ्या दिवशीचं एक छायाचित्र जगभर गेलं आहे. काउंटरला लागून चार तरुण बसलेत आणि मान वळवून कॅमेऱ्याकडे पाहतायत. पुष्कळ लोक त्यांनाच पहिले चौघे समजतात. खरं तर त्यात पहिल्या दिवसाचे दोघेच आहेत. माझी नजर त्या चौघांवर टिकत नाही. काउंटरच्या पलीकडे पांढऱ्या कपड्यांतला एक काळा नोकर खाली पाहून आपलं काम करतोय. हक्क मागणारे अलीकडे, पोट बांधलं गेलेला पलीकडे, आणि मध्ये हा काउंटर. त्या नोकराच्या मनात काय चाललं असेल, हे छायाचित्र सांगत नाही.

उत्तर मिळायला जवळजवळ सहा महिने लागले. धंदा बुडाला, तेव्हा कंपनी नमली. २५ जुलै १९६० रोजी ह्या काउंटरवर पहिल्यांदा काळ्या माणसांना बसवून खायला वाढलं गेलं. ती माणसं विद्यार्थी नव्हती. त्याच दुकानातले चार काळे नोकर होते. ज्या पंगतीची उष्टी काढली, तिच्यात त्या दिवशी त्यांचं पान मांडलं गेलं. सहलीतल्या त्या मुलीला कुणीतरी हे सांगायला हवं होतं. हो, दिलं, आणि आधी कोणाला, ते ऐक.

मी नागपूरची. सिव्हिल लाइन्समधून जाताना हिस्लॉप कॉलेजवरून शेकडो वेळा गेले असेन. त्या कॉलेजचा ह्या गोष्टीशी संबंध आहे, हे मला फार उशिरा कळलं. जेम्स लॉसन नावाचा एक तरुण काळा मेथडिस्ट कोरियाच्या युद्धात सैन्यात भरती व्हायला नाकारून तुरुंगात गेला, आणि सुटल्यावर १९५३ साली हिस्लॉप कॉलेजात कामाला आला. मुलांना खेळ शिकवायचा आणि स्वतः सत्याग्रहाचा अभ्यास करायचा. माँटगोमेरीतल्या काळ्यांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्याने डिसेंबर १९५५ मध्ये नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. पुढे मायदेशी परतल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्याला दक्षिणेत यायचा आग्रह केला. नॅशव्हिलमध्ये लॉसनने चर्चमध्ये मुलांच्या तालमी घेतल्या. एकाने शिव्या द्यायच्या, ढकलायचं. दुसऱ्याने खुर्ची सोडायची नाही आणि हातही उचलायचा नाही. डायन नॅश, जॉन लुईस हे चळवळीचे पुढचे नेते ह्या तालमीतून निघाले.

ग्रीन्सबरोचे चौघे लॉसनचे शिष्य नव्हते, हे स्पष्ट सांगायला हवं. त्यांनी आपल्या बुद्धीने पाऊल टाकलं. पण ठिणगी पडल्यावर पंधरा दिवसांत नॅशव्हिलची मुलं काउंटरवर जाऊन बसली, ती तयार होऊन बसली होती. त्या तयारीत आमच्या गावच्या तीन उन्हाळ्यांचाही वाटा आहे. परक्या देशात, परक्या लाकडासमोर मला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

आणि घरचं माणूस भेटलं की घरचे प्रश्नही आठवतात. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केलं, ते गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्याला ८७ वर्षं झाल्यावरही त्याच देशात चार मुलांना कॉफी मिळत नव्हती. आपल्याकडे १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, कागदावर. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं, तेही कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा कुठे ठरावाला पाणी लागलं. नंतर मारहाण झाली, तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं, खटला चालला. उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली लागला. दहा वर्षं. काउंटरचे सहा महिने त्यापुढे थोडेच म्हणायचे.

माझ्या आजोळी, वर्धेकडच्या एका गावात, चहाच्या हॉटेलाबाहेर खांबाला दोन खिळे होते. खिळ्यांना दोन कप. एकाचा टवका उडालेला. पिणाऱ्याने कप स्वतः काढायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, बाहेर उकिडवं बसून प्यायचा, धुऊन परत टांगायचा. आम्ही आत बाकड्यावर बसायचो. मी आजीला विचारलं होतं, ‘ते कप बाहेर का?’ आजी म्हणाली, ‘ते त्यांचे.’ मी पुढे काही विचारलं नाही. आठ-नऊ वर्षांची होते, पण ‘त्यांचे’ म्हणजे कोणाचे, हे मला कळलं होतं. ते कळलं होतं म्हणूनच विचारलं नाही. ती लाज मी आजवर कुठे बोलून दाखवली नव्हती. वॉशिंग्टनला त्या काउंटरसमोर ती वर आली.

वूलवर्थचं ते दुकान १९९३ साली बंद झालं. दुकान मोडताना काउंटर भंगारात गेला असता तर कुणी नवल केलं नसतं. संग्रहालयाच्या लोकांनी वेळीच शब्द टाकला आणि हा तुकडा मिळवला. उरलेला भाग तिथेच राहिला, आणि २०१० साली १ फेब्रुवारीलाच त्या इमारतीत नागरी हक्कांचं संग्रहालय उघडलं. आपल्या राष्ट्राची नामुष्की मानाच्या झेंड्याच्या मजल्यावर मांडायला धैर्य लागतं. ते त्यांनी दाखवलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

आजोळचं ते हॉटेल आता नाही. तिथे मोबाइलचं दुकान आहे. खांब गेला, खिळे गेले, कप कुठे गेले ते कुणाला सांगता येत नाही. मी विचारलं तेव्हा गावातली दोन-तीन म्हातारी माणसं म्हणाली, ‘जाऊ दे ना बाई, कशाला उकरतेस.’ बाहेर उकिडवं बसणाऱ्यांपैकी एका आजोबांना मात्र टवक्याची जागासुद्धा आठवत होती. कानाजवळ, डाव्या बाजूला.

तुमच्या गावात असा एखादा कप, गडवा, वेगळी ताटली कुणाच्या माळ्यावर अजून असेल, तर मोडीत घालू नका. तो कुठला, कोणत्या सालापर्यंत वापरात होता, आणि त्यातून कोण प्यायचं, हे त्या माणसांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर त्यांच्या नावासकट कागदावर लिहा. मग तो कागद आणि तो कप, दोन्ही जवळच्या संग्रहालयात नेऊन द्या.