'अन्याय' या शब्दाविषयीं

गेल्या वर्षीं एका शनिवारीं आमच्या वर्गाची सुटी रद्द झाली, तेव्हां आम्हीं सर्वांनीं एका सुरांत 'अन्याय! अन्याय!' असा घोष केला. गुरुजी रागावले नाहींत. त्यांनीं तो शब्द फळ्यावर लिहिला आणि ते म्हणाले, "याचा अर्थ नीट सांगा, सुटी देतों." आम्हांपैकीं एकासही तो सांगतां आला नाहीं. सुटी गेली, शब्द मात्र मनांत राहिला.

घरीं येऊन कोश चाळले. 'न्याय' या शब्दास निषेधार्थी 'अ' लागून 'अन्याय' होतो, हें कोणीही सांगेल. परंतु 'न्याय' तरी कशापासून झाला? पाणिनीनें तो 'नि' हा उपसर्ग आणि 'इ' म्हणजे जाणें हा धातु यांपासून साधिला आहे. योग्य रीतीपासून न ढळणें, असा त्याचा भाव. आपल्याकडे रुळलेला 'इन्साफ' हा शब्द अरबी. त्याच्या मुळाशीं 'अर्धा' हा अर्थ आहे, म्हणजे दोघांस सारखा वाटा. इंग्रजी 'इन्जस्टिस' हा लॅटिन भाषेंतील 'यूस' म्हणजे कायदा किंवा हक्क या शब्दाच्या कुळांतला. तीन भाषांनीं तीन खुणा सांगितल्या : चाल, वाटा आणि कायदा.

यांतील कोणती खूण धरावी, हें आम्हांस येथेंच नाशकांत, पंचवटींत उमगलें. काळारामाच्या दरवाजाशीं उभे असतां वडिलांनीं सांगितलें कीं, २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं येथें सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड यांनीं तो नेटानें चालविला. अस्पृश्य मानिलेले स्त्रीपुरुष चारही दरवाजांशीं बसले. दरवाजे बंद करण्यांत आले. कित्येक वर्षें लढा चालला, तरी दार उघडलें नाहीं. मुंबई प्रांतांत मंदिरें सर्वांस खुलीं करणारा कायदा १९४७ सालीं झाला. मग तत्पूर्वीं कायदा नव्हता, म्हणून अन्यायही नव्हता काय? कायदा मागाहून आला. अन्याय आधींपासूनच होता. आज त्या दारांतून कोणीही आंत जातो. माणसाची वाट अडविणें म्हणजे अन्याय, असें आम्हीं तेथें मनाशीं ठरविलें आणि 'जाणें' या धातूचें मोल आम्हांस कळलें.

परंतु त्याच क्षणीं एक गोष्ट आठवून आम्ही खजील झालों. वर्गांत नवा आलेला एक मुलगा रोज मैदानाच्या कडेला उभा राही. त्याचें बोलणें खेडवळ, म्हणून आम्ही त्यास खेळांत घेत नसूं. त्यानें 'अन्याय' हा शब्द कधीं उच्चारिला नाहीं. आणि एका सुटीसाठीं ओरडणाऱ्या आम्हांस त्याचें मौन ऐकूं आलें नाहीं.

सोमवारीं आम्हीं त्यास खेळावयास बोलाविलें. पहिल्याच षटकांत त्यानें आमचा त्रिफळा उडविला. परततांना 'अन्याय!' हा शब्द मात्र आमच्या तोंडून निघाला नाहीं.