पैसे पडले का?

ओट्याच्या वर, मिसळणाच्या डब्याशेजारी आमचं कॅलेंडर टांगलेलं असतं. फोडणी उडून उडून त्याचा खालचा कोपरा पिवळा पडतो. दुधाच्या खुणा त्यावरच, नवा सिलेंडर जोडल्याची तारीख त्यावरच आणि लाल पेनानं केलेले गोलही त्यावरच. गोल म्हणजे पैसे द्यायचा दिवस. १ तारखेला खोलीचं भाडं, २,००० रुपये. ५ ला दूधवाला. १० ला बचत गटाची बैठक; एक दिवस चुकला तरी १० रुपये दंड, आणि वर्षभर गटाची सचिव म्हणून तो दंड मीच बायकांकडून घेतलेला, त्यामुळे स्वतःसाठी सूट मागायला तोंड उघडत नाही. वीजबिलाची मुदत २० च्या आसपास. मुलीच्या क्लासचे ३०० महिन्याच्या शेवटी. हे सगळे गोल मी जानेवारीतच डिसेंबरपर्यंत करून ठेवते.

येणाऱ्या पैशांना मात्र गोल करता येत नाही. ते आले की त्या दिवसाच्या चौकटीत निळ्या पेनानं आकडा लिहायचा, एवढंच माझ्या हातात.

हे गेले मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत. द्राक्षाच्या पेट्या वाहणारा टेम्पो चालवायचे. तेव्हा मुलगी दहा वर्षांची होती, मुलगा पाचचा. सरकारनं कोरोनात गेलेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये दिले, तसे मलाही मिळाले. दवाखान्यासाठी केलेल्या उसनवारीत ते गेले. पुढं एका शिक्षकबाईंनी कागद कसे जमवायचे ते शिकवलं. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, रेशनकार्ड, मुलांचे बोनाफाईड, प्रत्येकाच्या चार झेरॉक्स. त्या बाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. संजय गांधी निराधार योजना १९८० पासून आहे, पण आमच्या गल्लीत ती कुणाला धड माहीत नव्हती.

आज कागदावरचा हिशेब असा. निराधारचे महिना १,५००. २०२३ पर्यंत ते याहूनही कमी होते. दोन्ही मुलांचे बालसंगोपन योजनेचे प्रत्येकी २,२५०. निराधारचे १,५०० घेणारीला लाडकी बहीण मिळत नाही, म्हणून तो अर्ज मी केलाच नाही. रेशनवर माणशी ५ किलो, आम्हा तिघांचं १५ किलो धान्य, जानेवारी २०२३ पासून फुकट. त्यात गहू किती आणि तांदूळ किती हे मधूनमधून बदलतं. शिवाय मी साड्यांना हातानं फॉल लावते, एका साडीचे ४० रुपये. महिन्याला पस्तीस साड्या आल्या तर १,४०० होतात. निराधारसाठी वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा २१,००० आहे, म्हणजे महिन्याला १,७५०. त्या रेषेच्या खाली राहूनच मला दोन पोरं वाढवायची आहेत.

एवढ्यात भागतं का, असं लोक विचारतात. मी खरं सांगते, ओढूनताणून भागतं. डाळ पातळ करता येते. सिलेंडर अडीच महिने ओढता येतो. आंघोळीचं पाणी चुलीवर तापतं. तालुक्याला जायला २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. मुलाला शाळेत दुपारची खिचडी मिळते. मुलगी यंदा नववीत गेली. आठवीपर्यंतच शाळेतलं जेवण आणि फुकट पुस्तकं, त्यामुळे तिच्या पुस्तकांचे आणि डब्याचे पैसे या वर्षी एकदम अंगावर आले. तेही मी ओढून नेलं. थोड्या पैशांत राहायला बाईमाणूस शिकतं. पैसे कधी येणार हे माहीत नसताना कसं राहायचं, ते मात्र चार वर्षांत मला शिकता आलेलं नाही.

गेल्या वर्षीची पानं मी जपून ठेवली आहेत. परवा ती फरशीवर ओळीनं मांडली आणि निळे आकडे बघत बसले. एका महिन्यात ६ तारीख. पुढच्यात २३. मग दोन महिने कोरे. मग एकाच चौकटीत तीन महिन्यांचे, आकडा मावेना म्हणून तिरका लिहिलेला. बालसंगोपनाचे तर सहा पानं उलटली तरी निळं काही दिसत नाही. लाल गोल मात्र प्रत्येक पानावर जागच्या जागी.

त्या कोऱ्या महिन्यांत आम्ही जगतो ते उधारीवर. दुकानदार अण्णा भला माणूस आहे, व्याज लावत नाही, चारचौघांत बोलत नाही. एवढंच विचारतो, "वैनी, पैसे पडले का?" मी मान हलवते आणि तो वही पुढं ओढतो. पण उधारीवर घेणाऱ्या बाईला निवड नसते. हातात रोख असली की मी आठवडे बाजारात जाऊन ज्वारी पायलीनं घेते, चार ठिकाणी भाव करते, तेलाची लिटरची पिशवी आणते. उधारीत ज्वारी किलोनं आणि सांगेल त्या दरानं. तेल वीस रुपयांचं सुटं. साबण छोटा, चहापत्ती पुडीतली. पुडीतलं सगळंच महाग पडतं. माझ्या वहीत रोखीचा महिना आणि उधारीचा महिना यांत ४५० रुपयांचा फरक निघतो. म्हणजे निराधारच्या १,५०० मधला जवळजवळ तिसरा हिस्सा निव्वळ उशिरापायी जातो. तो अण्णाच्या खिशात जातो असंही नाही. पुड्यांच्या कागदात, सुट्याच्या मापात तो कुठंतरी विरून जातो.

गॅसचं तेच. उज्ज्वलाचे ३०० रुपये परत मिळतात खरे, पण आधी सिलेंडरचे पूर्ण पैसे मोजावे लागतात आणि ३०० मागाहून खात्यावर. सिलेंडर ज्या दिवशी संपतो त्या दिवशी ते ३०० माझ्याकडे नसतात.

मार्चमध्ये एकदा पाच महिन्यांचं बालसंगोपन एकदम पडलं. २२,५००. मोबाईलवर मेसेज आला तेव्हा मी फॉल लावत होते. सुई साडीत तशीच ठेवून मी उठले. मुलीला दाखवला, तिनं आकडा दोनदा मोठ्यानं वाचला. बँकेतून पैसे काढून मी रस्त्यानं निघाले. अण्णाच्या वहीतल्या ९,४०० वर रेघ मारून घेतली. भावाचे ५,००० दिले. तो नको म्हणाला, मी त्याच्या पोरीच्या हातात ठेवले. दोन महिन्यांचं थकलेलं भाडं ४,०००. पतसंस्थेत ठेवलेली कानातली व्याजासकट ३,६०० देऊन सोडवली. दिवेलागणीला घरी आले तेव्हा पदराच्या गाठीत ५०० रुपये होते. मुलानं विचारलं, "आई, आता आपण श्रीमंत का?" त्याला जवळ घेतलं. रात्री अर्धा किलो चिकन केलं. दोघं पोटभर जेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा अण्णाच्या दुकानात तेलाला गेले.

पाच महिन्यांचे पैसे एका दिवशी आले की ते पाच महिन्यांचे राहत नाहीत. पोरांच्या दुधाला, अंड्याला, वहीला म्हणून जे दिलं जातं ते देणेकऱ्यांच्या दारात वाटून संपतं. दूध तर त्या त्या महिन्यात प्यायचं असतं. डिसेंबरचं दूध मार्चमध्ये पाजता येत नाही.

रेशनच्या मशीनवर माझा अंगठा लागत नाही. सुया टोचून आणि भांडी घासून रेघा पुसट झाल्यात. मी अंगठा धुते, पदराला पुसते, केसांवरून फिरवते, पुन्हा ठेवते. मागं रांग खोळंबते. कुणी बोलत नाही, पण मला कानाशी गरम वाटतं. चौथ्या-पाचव्या वेळेला हिरवं दिसतं आणि बाई पावती फाडते. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायलाही असंच जावं लागतं. त्याचं मला काही वाटत नाही. तपासावं, जरूर तपासावं, खोट्यांनी घेऊ नये. मी प्रत्येक कागद त्यांच्या तारखेला नेऊन देते. आमच्याकडून मुदत पाळून घेतात तशी त्यांनीही आमच्यासाठी एक मुदत पाळावी.

मध्ये मुलगी संधी सोडवत बसली होती. "निः अधिक आधार," असं म्हणून तिनं पेन थांबवलं. माझ्या अर्जावरचा शब्द तिनं ओळखला होता. थोड्या वेळानं म्हणाली, "आई, हे आपल्याला लागू होत नाही. तू आहेस की." मी काही बोलले नाही. फॉलची कड दातानं तोडली आणि पुढची साडी घेतली. पण ते वाक्य मी रोज मनात म्हणते, खास करून कोऱ्या महिन्यांत.

रक्कम वाढवा अशी मागणी सगळे करतात. करावी, १,५०० रुपयांत एकाही माणसाचा महिना निघत नाही. पण मला कुणी एकच गोष्ट मागायला सांगितली तर मी आधी तारीख मागेन. ७ म्हणा, १५ म्हणा, २५ म्हणा. जी सांगाल तिच्याभोवती मी निळा गोल करीन, जानेवारीत बसून डिसेंबरपर्यंत. मग भाडं, दूध, गट, सगळं त्या गोलाच्या मागं-पुढं बसवून घेणं माझ्याकडं लागलं. घरमालकांना मी विचारूनही ठेवलंय. ते म्हणाले, "तुम्ही पक्की तारीख सांगा, मी भाड्याची तारीख बदलतो."