मोडीत न गेलेले सोने

व्यापारी घराण्यांत सोने येते ते वाजतगाजत आणि जाते ते गुपचूप. लग्नकार्यात केलेला ऐवज चार नातेवाइकांना दाखवला जातो. पण धंद्यात खोट आली, उधारी बुडाली, घेणेकरी दाराशी येऊन बसला, की तोच ऐवज रुमालात बांधून दुसऱ्या गावच्या सराफाकडे नेला जातो. गावातल्या सराफाकडे सहसा कोणी जात नाही. तेथे सोन्याचे वजन होते, पण त्याबरोबर घराण्याच्या पतीचेही होते, आणि संध्याकाळपर्यंत बाजारपेठेला ते ठाऊक होते.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरी एका गृहस्थांवर नेमकी हीच वेळ आली होती. पत्नी आणि पंधरा वर्षांचा मुलगा बरोबर, देश परका, हातातली नोकरी संपलेली. घरात मोडण्याजोगा ऐवज एकच होता: ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके आणि एक रौप्यपदक. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ती विकून टाकावीत, असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला होता. या गृहस्थांचे नाव व्हिक्टर सानेयेव. तिहेरी उडीच्या प्रकारात सलग तीन ऑलिंपिक जिंकणारे खेळाडू म्हणून त्यांचे नाव जगाला ठाऊक होते.

सानेयेव यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९४५ रोजी काळ्या समुद्राच्या काठी, जॉर्जियातील सुखुमी या गावी झाला. जॉर्जिया तेव्हा सोव्हिएत संघाचा भाग होता. घर गरीब, वडिलांचे दीर्घ आजारपण. त्यामुळे मुलाची रवानगी निवासी शाळेत झाली. तेथे त्यांनी आरंभ केला तो उंच उडीने. अकोप केर्सेल्यान नावाच्या प्रशिक्षकांनी या सडपातळ मुलाच्या पायांतले बळ ओळखले आणि त्याला तिहेरी उडीकडे वळवले. दरम्यान त्यांनी सुखुमीच्या संस्थेत उपोष्ण प्रदेशातील शेतीचा अभ्यासही पुरा केला. समुद्रकाठच्या त्या दमट हवेत चहा आणि लिंबूवर्गीय फळे चांगली येतात. पोटापाण्याची विद्या म्हणून घेतलेले हे शिक्षण पुढे कोठे उपयोगी पडेल, याची तेव्हा कोणाला कल्पना असणार!

तिहेरी उडी हा प्रकार पाहायला सोपा आणि शरीराला फार कठीण. भरधाव धावत येऊन खेळाडू लाकडी पट्टीवर पाय देतो. पहिली उडी लंगडीसारखी, ज्या पायावर उडाला त्याच पायावर उतरायचे. दुसरी ढांगेची, दुसऱ्या पायावर. आणि तिसरी वाळूत. पहिल्या दोन उड्यांत एकेका पायावर येणारा भार शरीराच्या वजनाच्या कित्येक पट असतो. घोटे, गुडघे, टाचा यांची झीज ठरलेलीच. पहिली उडी फार लांब मारण्याचा मोह झाला तर वेग मरतो आणि पुढच्या दोन्ही उड्या खुरटतात. भांडवल एकाच सौद्यात घालू नये, हे व्यापाऱ्याला जसे आजोबांकडून कळते, तसे या खेळात ते गुडघ्यांकडून कळते.

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ही स्पर्धा जशी रंगली, तशी ती त्यापूर्वी किंवा नंतर क्वचितच रंगली असेल. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर. हवा विरळ, तिचा अडसर कमी. तोवरचा जागतिक विक्रम होता १७.०३ मीटर. इटलीच्या ज्युसेप्पे जेंतिले यांनी पात्रता फेरीतच १७.१० मीटर उडी मारून तो मोडला आणि दुसऱ्या दिवशी, १७ ऑक्टोबरला, अंतिम फेरीत १७.२२ मीटर गाठले. सानेयेव यांनी १७.२३ मीटरची उडी घेतली. मग ब्राझीलचे नेल्सन प्रुदेन्सियो १७.२७ मीटरवर गेले. शेवटच्या फेरीपर्यंत सुवर्ण प्रुदेन्सियो यांच्याच हाती होते. सानेयेव यांची एकच उडी शिल्लक होती, ती १७.३९ मीटर भरली. दोन दिवसांत तीन माणसांनी मिळून पाच वेळा जागतिक विक्रम मोडला, आणि दोनदा विक्रम करणाऱ्या जेंतिले यांना कांस्यपदकावर समाधान मानावे लागले.

या जेंतिले यांची एक गंमत सांगण्याजोगी आहे. पुढल्याच वर्षी इटलीचे दिग्दर्शक पाझोलिनी यांच्या ‘मेदेया’ चित्रपटात त्यांनी जेसनची भूमिका केली. ग्रीक पुराणातला हा जेसन सोनेरी लोकर आणण्यासाठी समुद्रापार जातो तो कोल्किस देशात. आणि प्राचीन कोल्किस म्हणजे काळ्या समुद्राकाठचा तोच प्रदेश, जेथे सुखुमी वसले आहे. मैदानावर ज्यांचे सोने कोल्किसच्या माणसाने नेले, त्यांनी पडद्यावर कोल्किसचे सोने आणले.

१९७२ च्या म्युनिकला सानेयेव यांनी १७.३५ मीटर उडी मारून दुसरे सुवर्ण मिळवले. पूर्व जर्मनीचे यॉर्ग ड्रेमेल अवघ्या ४ सेंटिमीटरने मागे राहिले. मधल्या काळात क्यूबाच्या पेद्रो पेरेझ यांनी १७.४० मीटरची उडी मारून जागतिक विक्रम आपल्या नावे केला होता. तो सानेयेव यांनी परत मिळवला १७.४४ मीटरने, आणि तोही दूरदेशीच्या एखाद्या मोठ्या मैदानावर नव्हे, तर जन्मगावी सुखुमीत. दिवस होता १७ ऑक्टोबर १९७२. मेक्सिकोच्या अंतिम फेरीला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. सरकारने त्यांना ‘ऑर्डर ऑफ लेनिन’ हा सन्मान दिला. १९७६ ला माँट्रियलमध्ये १७.२९ मीटर, तिसरे सुवर्ण.

चौथ्यासाठी ते १९८० मध्ये मॉस्कोच्या मैदानात उतरले तेव्हा पस्तिशीला टेकले होते. मैदानी खेळांत एकाच प्रकाराची चार सुवर्णपदके तोवर केवळ अमेरिकेचे थाळीफेकपटू अल ऑर्टर यांनी मिळवली होती. उद्घाटनाच्या दिवशी ऑलिंपिकची ज्योत घेऊन स्टेडियममध्ये आले ते सानेयेवच. स्पर्धेत मात्र एस्टोनियाचे याक ऊदमाए १७.३५ मीटरवर गेले, आणि सानेयेव यांना १७.२४ मीटरवर रौप्य मिळाले. या स्पर्धेवर वादाचे सावट अजूनही आहे. ब्राझीलचे झुआंव कार्लोस द ऑलिव्हेरा, ज्यांच्या नावावर १७.८९ मीटरचा जागतिक विक्रम होता, आणि ऑस्ट्रेलियाचे इयन कॅम्पबेल यांच्या अनेक उड्या पंचांनी बाद ठरवल्या. त्या निर्णयांविषयी पुढे बरेच लिहिले गेले. झुआंव कार्लोस यांना कांस्यपदक मिळाले. दुसऱ्याच वर्षी मोटार अपघातात त्यांना एक पाय गमवावा लागला आणि १९९९ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षाच्या आतबाहेर, त्यांचा अंत झाला. पायांवर ज्यांचे नाव उभे होते, त्यांचा पायच गेला. कर्माचा हिशेब कोणत्या वहीत कसा लिहिला जातो, हे अशा वेळी भल्याभल्यांना उलगडत नाही.

सानेयेव यांचे पाय शाबूत राहिले. त्यांच्या पायांखालची जमीन गेली. निवृत्तीनंतर चार वर्षे ते सोव्हिएत संघाच्या उडी चमूचे प्रमुख होते, पुढे तिबिलिसीच्या दिनामो क्लबात होते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. बँकेतल्या रुबलची किंमत उरली नाही, तिबिलिसीच्या भर वस्तीत बंदुका चालल्या, आणि १९९२-९३ च्या युद्धात सुखुमी उद्ध्वस्त होऊन लाखोंना घरे सोडावी लागली. खेळाडूंना पगार देणारे सरकारच नाहीसे झाले होते. अशा वेळी ऑस्ट्रेलियाहून प्रशिक्षकाच्या अल्प मुदतीच्या कराराचे बोलावणे आले आणि सानेयेव कुटुंब सिडनीला गेले. करार संपला, तो वाढवला गेला नाही.

मग त्यांनी मिळेल ते काम केले. घरोघर पिझ्झा पोहोचवण्याचेही केले. दार उघडून पुडा हाती घेणाऱ्यांना समोर कोण उभे आहे हे ओळखण्याचे काही कारण नव्हते. सामायिकात बसताना लाभ आणि अलाभ, मान आणि अपमान यांत चित्त सम ठेवावे असे सांगितलेले असते. ४८ मिनिटे कटासनावर बसून ते काही अंशी साधतेही. परक्या शहरात अनोळखी दाराशी उभे राहून ते साधणे निराळे. व्यापारी समाजात कष्टाला कोणी कमी मानत नाही, पण पेढीवर बसलेल्या माणसाने दुसऱ्याचा निरोप्या होणे ही गोष्ट अजूनही गळी उतरत नाही. कित्येक घरे केवळ या एका संकोचापायी कर्जात रुतली आहेत. मालक म्हणून बुडतील, पण नोकर म्हणून तरणार नाहीत! सानेयेव यांना हा संकोच परवडणारा नव्हता, किंवा त्यांनी तो बाजूला ठेवला.

राहिला प्रश्न पदकांचा. सराफी नजरेने पाहिले तर त्यांत फारसे काही नसते. ऑलिंपिकचे सुवर्णपदक अंगाने चांदीचे असते. वर सोन्याचा मुलामा, नियमाप्रमाणे किमान ६ ग्रॅम. म्हणजे अर्ध्या तोळ्याच्या किंचित वर. निखळ सोन्याची पदके १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकनंतर दिलीच गेलेली नाहीत. तीन पदकांचे मिळून सोने दीड तोळा! किंमत मिळणार होती ती हौशी संग्राहकाकडून, आणि तीही नावाची. ज्यांना परिग्रहाचा विचार बालपणापासून ऐकवलेला असतो, त्यांच्या मनात येईल की वस्तूचा एवढा लोभ का धरावा? पण विकणे म्हणजे त्याग नव्हे. त्यागात मोबदला नसतो. विक्रीत वस्तूही जाते आणि तिचा दामही महिन्या-दोन महिन्यांच्या भाड्यात संपतो. सानेयेव यांनी विचार बदलला. पदके घरातच राहिली.

पुढे त्यांना स्थिर काम मिळाले. सिडनीच्या सेंट जोसेफ्स कॉलेज या शाळेत ते शारीरिक शिक्षणाचे शिक्षक झाले, आणि त्यानंतर न्यू साउथ वेल्सच्या क्रीडा संस्थेत उड्यांचे प्रशिक्षक. ज्या देशाच्या कॅम्पबेल यांच्याशी मॉस्कोत त्यांची स्पर्धा झाली होती, त्याच देशातल्या मुलांना ते पट्टीवर पाय कसा द्यावा हे शिकवू लागले. सुखुमीला परतणे घडले नाही. सिडनीच्या घराच्या आवारात मात्र त्यांनी उपोष्ण हवेतली झाडे लावली. तिकडचे ऋतू उलटे. सुखुमीत थंडी पडते तेव्हा सिडनीत ऊन तापते. पण माती आणि पाणी जुळले, झाडे जगली, आणि तरुणपणी घेतलेली ती शेतीची विद्या अशी उतारवयात कामी आली. ३ जानेवारी २०२२ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, सिडनीतच त्यांचे निधन झाले.