एकोणिसाव्या पानानंतर

सासूबाईंच्या वडिलांच्या मोडी वहीची अठ्ठेचाळीस पानं मी स्कॅन केली आणि मोठ्या आकारात छापायला टाकली. एकोणिसाव्या पानानंतर प्रिंटर थांबला. काम रद्द केलं, तर पडद्यावर ‘डिलीटिंग’ हा शब्द दुपारभर तसाच. पुन्हा छापायला टाकलं की ते मागे रांगेत जाऊन बसायचं.

हे घर तंजावरच्या मराठ्यांचं. बृहदीश्वराच्या भिंतीवरचा १८०३चा मराठी शिलालेख देवनागरीत आहे, म्हणून तो मला वाचता येतो. घरचे कागद मात्र मोडीत. शब्द सुटे नाहीत, इकार-उकारात ऱ्हस्वदीर्घ नाही. घरात मोडी येते ती एकट्या सासूबाईंना, आणि काचबिंदूमुळे त्यांना दिसणारी चौकट आक्रसत चालली आहे. पडद्यावर त्यांना वाचवत नाही. त्या वाचणार, मी उतरवून घेणार, असं ठरलं होतं.

अंबत्तूर इंडस्ट्रियल इस्टेटजवळच्या दुकानातला पोरगा आला. ‘ड्रायव्हर’ बिघडलाय हे ऐकून सासूबाईंनी गाडी कुठे आहे म्हणून विचारलं. त्याने प्रिंट स्पूलर ही सेवा बंद केली, तिच्या फोल्डरमधल्या अडकलेल्या फायली पुसल्या, सेवा पुन्हा सुरू केली. रांग मोकळी झाली. मग त्याने मला गणित दाखवलं. एफोर पान ६०० डीपीआयला रंगीत म्हणजे साडेतीन कोटी ठिपके, न दाबता साठवलं तर १०४ एमबी. ड्रायव्हर हे सगळं आधी डिस्कवर उतरवतो, मग प्रिंटरला देतो. माझ्या सी ड्राइव्हवर जागा होती जेमतेम दोन जीबी. एकोणीस पानांतच ती भरली.

“अक्का, ३०० ठेवा,” तो तमिळमध्ये म्हणाला. डीपीआय निम्मा केला की फाइल निम्मी नाही, पाव होते. मी अडून बसले. निम्मे ठिपके म्हणजे मला संक्षिप्त आवृत्ती वाटली. भाषांतरात मी ओळ गाळू देत नाही. त्याने वाद न घालता एकच पान दोन्ही तऱ्हांनी छापलं आणि सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांना फरक सांगता आला नाही. खरं तर मलाही नाही.

उरलेली पानं आठ-आठच्या तुकड्यांनी पाठवली. विसावं पान घेऊन सासूबाई खिडकीशी गेल्या. दुधाचा हिशेब, तांदळाचा हिशेब, मग एका ओळीवर बोट थांबलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, ही एवढीच ओळ आणखी मोठी करून दे.