हजार ओहमांची थाप

जुनें घर विकत घेण्यापूर्वीं आपण वकिलाकडून त्याचा तीस वर्षांचा इतिहास शोधून घेतों. कोणाचें गहाणखत, कोणाची भाऊबंदकी, कोणत्या भिंतीवरून शेजाऱ्याशीं तंटा, हें सारें कागदावर उतरतें आणि मगच आपण बयाणा देतों. जुन्या मोटारीच्या नशिबीं असा इतिहासकार नसतो. आपण कितवे मालक हें नोंदणीपत्रावर लिहिलेलें असतें. परंतु आधींच्या कोणत्या मालकानें, कोणत्या रविवारीं, कोणाच्या सल्ल्यानें तिच्या पोटांतली कोणती तार तोडली, याची नोंद सरकार ठेवीत नाहीं. चित्रगुप्तहि ठेवीत असेल असें वाटत नाहीं.

माझ्या मुलीनें २०२१ सालीं घेतलेली मोटार अशी तिसऱ्या हातची होती. पेट्रोलवर चालणारी, २०१३ सालची, दिसावयास नीटनेटकी. मुलगी साताऱ्याजवळच्या एका दवाखान्यांत डॉक्टर आहे. शनिवारीं रात्रीं ती पुण्यास घरीं येते आणि सोमवारीं परत जाते. त्या दोन्ही वेळीं तिच्या आईचे डोळे घड्याळावर असतात. मोटारीला पूर्वीं गॅसची टाकी बसविली होती व पुढें ती काढली, एवढें विकणारानें आपण होऊन सांगितलें. स्टिअरिंगखालीं एक जास्तीचें बटण होतें, त्याविषयीं विचारतां “पंख्याचं आहे, उन्हाळ्यात लावायचं,” असें उत्तर मिळालें.

पावसाळा सरला आणि काचेमागें इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा अधूनमधून लागूं लागला. एका गॅरेजनें मोटारीच्या सोळा टोकांच्या सॉकेटला यंत्र जोडून ‘पी ०११८’ असा संकेत वाचला आणि इंजिनांतील पाण्याचें तपमान कळविणारा सेन्सर बदलला. दिवा विझला. पंधरा दिवसांनीं पुन्हां लागला. दुसऱ्या गॅरेजनें तोच संकेत वाचून तोच सेन्सर पुन्हां बदलला. तिसऱ्या एका सद्‌गृहस्थांनीं दिव्यावर काळी टेप चिकटवून मोटार विकून टाकण्याचा सल्ला दिला. पुढचा मालक पुढचें पाहील, असा त्यांचा युक्तिवाद होता. मोटार आमच्यापर्यंत ज्या रीतीनें आली असेल तिचें याहून चांगलें वर्णन मला करतां येणार नाहीं.

२०२२ च्या मे महिन्यांत एका सोमवारीं मुलीला निघावयास उशीर झाला. भर दुपारीं खंबाटकीचा घाट चढतांना बॉनेटखालून वाफ येऊं लागली. ती एकटी होती. मागें ट्रकांची रांग लागलेली. ‘पंख्याचें बटण दाबावयाचें विसरली असेल,’ असें मागाहून जो तो म्हणूं लागला. मला या बोलण्याचा राग आला. ज्या मोटारींत इंजिन थंड ठेवणें माणसाच्या आठवणीवर सोपविलें आहे, त्या मोटारींत चालविणाऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं हें बटण मुळांत तेथें आलें कां, हा प्रश्न विचारावयास पाहिजे.

मी तर्कशास्त्र शिकवितों. हल्लीं इंजिनाचा कारभार पाहणारा जो संगणक असतो, त्याच्याविषयीं मला त्यामुळें एक प्रकारची सहानुभूति वाटते. आपल्या नैयायिकांनीं ज्ञानाचीं चार साधनें मानिलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. बंद पेटींतल्या या कारभाऱ्याला प्रत्यक्ष म्हणून मुळींच नाहीं. तारेवरून जो शब्द येईल तो आप्तवाक्य मानावयाचा आणि त्यावर राज्य चालवावयाचें, एवढेंच त्याच्या हातीं. पाण्याची वार्ता आणणारा सेन्सर करंगळीएवढा असतो. त्याच्या पोटांतील पदार्थ असा कीं तो जसजसा तापतो तसतसा त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो. धातूंची चाल नेमकी याच्या उलट असते. ही विपरीत चाल फॅरडेला १८३३ सालीं रुप्याच्या सल्फाइडांत आढळली होती. नेहमींच्या सेन्सरांत वीस अंशांना सुमारें अडीच हजार ओहम विरोध असतो, तर ऐंशी अंशांना तो तीनशेंच्या आसपास येतो. संगणक पांच व्होल्टांचा दाब लावून हा विरोध मोजतो आणि त्यावरून पाणी किती तापलें तें ठरवितो. तार तुटली तर विरोध अनंत होतो. तेव्हां ही पेटी पाणी उणे चाळीस अंशांवर आहे असें समजते. (सेल्सिअस आणि फॅरनहाइट या दोघांचें एकमत होतें तें नेमकें याच आंकड्यावर.)

‘पी ०११८’ चा अर्थ या तारेवरील दाब वाजवीपेक्षां अधिक आहे, एवढाच. सेन्सर बिघडला असें त्यांत कोठेंहि म्हटलेलें नाहीं. साक्षीदाराचा शब्द कोर्टांत पोंचला नाहीं म्हणून त्याला मुका ठरवावयाचें, कीं वाटेंत त्याला कोणी अडविलें काय हें पाहावयाचें? दोन्ही गॅरेजांनीं साक्षीदार बदलला.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मिस्त्री आहेत. ते मोटारींच्या विजेचींच कामें करतात. त्यांनीं मोटार रात्रभर आपल्याकडे ठेवून घेतली आणि सकाळीं इंजिन सुरू न करतांच यंत्र जोडलें. आंत जाणाऱ्या हवेचें तपमान दिसलें २४ अंश, पाण्याचें १५.

“सर,” मिस्त्री म्हणाले, “रात्रभर बंद गाडीत पाणी हवेपेक्षा नऊ अंश गार कसं राहील? माठ आहे का हा?”

मग त्यांनीं सेन्सरच्या तोंडाशीं विरोध मोजला. तो भरला एकवीसशें ओहम, चोविसाला असावा तेवढाच. संगणकाकडच्या टोकाला मोजला तर एकतीसशें. मधल्या तारेला एक ओहमहि असण्याचें कारण नव्हतें. मिल्लनें १८४३ सालीं आपल्या ग्रंथांत अवशेषपद्धति सांगितली आहे: ज्ञात कारणांचे परिणाम वजा करा, जें उरेल तें राहिलेल्या कारणाचें कार्य. वर्गांत तिचें उदाहरण म्हणून मी नेपच्यूनचें देतों. युरेनसच्या गतींत हिशेब लागेना, त्या शिलकेवरून गणित करून १८४६ सालीं नवा ग्रह सांपडला. मुलें जांभया देतात. यापुढें मी त्यांना हे हजार ओहम सांगेन.

शिलकेचा धनी शोधण्यास दोन तास लागले. तारांच्या जुडग्यावरची टेप उकलतांना गॅसवाल्यांचे अवशेष एकेक बाहेर आले. तोडून पुन्हां पिळा देऊन जोडलेल्या तारा, त्यांवर चढलेला हिरवा गंज, कोठेंहि डाग दिलेला नाहीं. अखेर बॅटरीच्या मागें तो सांपडला: तांदळाच्या दोन दाण्यांएवढा रेझिस्टर, तपकिरी, काळा आणि तांबडा अशा पट्ट्यांचा. त्या पट्ट्यांचा अर्थच एक हजार. त्याचा एक पाय सैल झाला होता. मिस्त्रींनीं तो बोटानें हालविला, यंत्रावर उणे चाळीस दिसलें आणि पिवळा दिवा लागला.

पाणी थंड आहे असें वाटलें म्हणजे संगणक पेट्रोल सढळ हातानें सोडतो. त्यामुळें मोटार चपळ होते, अशी कांहीं लोकांची श्रद्धा आहे, आणि असल्याच रेझिस्टरला सुबक डबी चढवून शक्तिवर्धक म्हणून विकणारेहि आहेत. प्रत्यक्षांत प्लग काळे पडतात आणि पेट्रोलचा खर्च वाढतो. पण या थापेची खरी किंमत पुढेंच होती. पाणी उकळावयास आलें तरी संगणकाला तें चाळीस अंशांच्या आसपासच दिसणार. आणि पंखा फिरविण्याचा हुकूम तो नव्वदाच्या पुढें गेल्यावर देतो. म्हणजे पंखा कधींच फिरणार नाहीं. कोणाच्या तरी हें ध्यानीं आलें असावें. त्यानें रेझिस्टर काढला नाहीं, बटण बसविलें. तपमानाचा तांबडा दिवाहि याच ऐकीव माहितीवर लागतो. घाटांत वाफ येईपर्यंत तो निश्चिंत होता आणि माझी मुलगी त्याच्यावर विसंबून होती. त्या अज्ञात कारागिराविषयीं बरें बोलण्याचा मीं प्रयत्न केला, जमला नाहीं.

मिस्त्रींनीं रेझिस्टर कापून काढला, प्रत्येक जोडाला डाग देऊन वर नळी चढविली, पंख्याचें बटण उपटलें. तापल्यामुळें इंजिनाला इजा झाली काय तेंहि तपासलें. सुदैवानें झाली नव्हती. मग त्यांनीं इंजिन सुरू करून तसेंच उभें ठेवलें. आंकडा हळूहळू चढत गेला. सत्तर, ऐंशी, नव्वद. आम्ही तिघेंहि गप्प उभे होतों. पंख्याण्णवाच्या सुमारास पंखा आपोआप फिरूं लागला. मुलीनें तेथूनच आईला फोन लावला.

जुडग्यांत एक गुलाबी तार शिल्लक राहिली आहे. ती कोठून निघते तें सांपडलें, पण ती कोठें जावयाची होती आणि कशासाठीं, हें कळलें नाहीं. तिच्यांत वीज नाहीं. कापून टाकावी काय, असें मीं विचारलें.

“राहू द्या, सर,” मिस्त्री म्हणाले. त्यांनीं तिच्या टोकाला एक कागदाची चिठ्ठी बांधली. मुलीनें चिठ्ठीवर त्या दिवसाची तारीख लिहिली आणि पुढें एक प्रश्नचिन्ह काढलें.