नियमपुस्तिकेतून घडलेली मोटार

मु. पो. इस्लापूर, ता. किनवट, जि. नांदेड

चि. भाच्यास,

निसान स्कायलाइन जीटी-आर ही जपानी मोटार १९९० ते १९९३ या चार वर्षांत मायदेशातील अजिंक्यपद मालिकेतील एकही शर्यत का हरली नाही, हा चिरंजीवाने मागील पत्रात विचारलेला प्रश्न मोलाचा आहे. मात्र त्याचे उत्तर केवळ इंजिनाच्या ताकदीत शोधले तर हाती फारसे लागत नाही. ही मोटार आधी रस्त्यासाठी बांधून मग शर्यतीत उतरवलेली नव्हती. शर्यतीची नियमपुस्तिका पुढ्यात ठेवून तिचे एकेक माप ठरवले गेले आणि रस्त्यावर विकली जाणारी मोटार ही त्या मापांची अपरिहार्य निष्पत्ती होती.

टूरिंग कार म्हणजे सर्वसामान्य ग्राहकाला दुकानात विकत मिळणाऱ्या मोटारीवरून तयार केलेली शर्यतीची मोटार होय. १९८० च्या दशकात अशा मोटारींसाठी 'ग्रुप ए' नावाची आंतरराष्ट्रीय नियमावली होती. तिची मुख्य अट अशी, की एखाद्या नमुन्याच्या किमान ५००० मोटारी बारा महिन्यांत तयार झाल्याखेरीज त्याला शर्यतीची मान्यता मिळत नसे. पुढे त्यात शर्यतीच्या सोयीचे बदल करायचे असल्यास त्या सुधारित नमुन्याच्या आणखी ५०० मोटारी बांधाव्या लागत. शर्यत जिंकू इच्छिणाऱ्या कंपनीला आपली कल्पकता ग्राहकाच्या हाती सोपवणे भाग पाडणारी ही अट मोटारस्पर्धांच्या इतिहासातील सर्वांत हितकारक अटींपैकी एक मानली पाहिजे.

स्कायलाइन हे नाव मूळचे प्रिन्स या कंपनीचे. १९६४ च्या जपान ग्रां प्रीमध्ये प्रिन्सच्या स्कायलाइनने पोर्शे ९०४ या खास शर्यतीच्या मोटारीला झुंज दिली, १९६६ मध्ये प्रिन्स निसानमध्ये विलीन झाली आणि १९६९ मध्ये आलेल्या पहिल्या जीटी-आरने पुढील तीनेक वर्षांत सुमारे पन्नास विजय मिळवले. १९७३ नंतर मात्र 'जीटी-आर' ही अक्षरे सोळा वर्षे कोणत्याही स्कायलाइनवर उमटली नाहीत. दरम्यान जपानी निर्मात्यांना घरच्याच मैदानावर मान खाली घालावी लागली, कारण फुजी सर्किटवर १९८५ मध्ये व्होल्वो २४० टर्बो आणि १९८७ मध्ये फोर्ड सिएरा या युरोपीय मोटारींनी बाजी मारली होती. स्कायलाइनच्या नव्या पिढीचे प्रमुख अभियंते नागानोरी इतो यांच्यासमोर जे काम होते, त्याला ही पार्श्वभूमी होती.

आता गणिताकडे वळणे योग्य होईल, कारण खरे मर्म तेथेच आहे. ग्रुप ए मध्ये मोटारींची वर्गवारी इंजिनाच्या घनक्षमतेवर, म्हणजे सर्व सिलिंडरांतील दट्ट्यांनी व्यापलेल्या एकूण आकारमानावर होत असे आणि मोटारीचे किमान वजन किती असावे, टायर जास्तीत जास्त किती रुंद असावा, हे त्या त्या वर्गाप्रमाणे ठरे. टर्बोचार्जर, म्हणजे धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र, बसवलेले असल्यास घनक्षमतेला १.७ ने गुणून वर्ग ठरवला जाई. आरंभी २३५० घन सेंटिमीटरचे इंजिन योजले होते; गुणाकार ३९९५ येत असल्याने मोटार ४००० च्या वर्गात जेमतेम बसत होती आणि तिला १० इंच रुंदीचे टायर मिळत होते. परंतु चारही चाकांना शक्ती पुरवण्याचा निर्णय झाला तेव्हा वजन सुमारे १०० किलोने वाढणार हे स्पष्ट झाले आणि त्या वर्गात एवढे वजन परवडणारे नव्हते. वजन घटवण्यासाठी धडपडण्याऐवजी अभियंत्यांनी वर्गच बदलला. २५६८ घन सेंटिमीटरच्या इंजिनाचा गुणाकार सुमारे ४३६६ येतो, त्यामुळे मोटार ४५०० च्या वर्गात गेली आणि तिला ११ इंची टायर वापरण्याची मुभा मिळाली. २.६ लिटर हा बाजारात विचित्र वाटणारा आकडा अशा रीतीने ठरला. जपानमधील करपद्धतीनुसार दोन लिटरपुढील मोटारीवर जादा कर पडत असूनही तो स्वीकारला गेला, यातच हेतूचा निखळपणा दिसतो.

वजन वाढवूनही चारही चाके चालवण्याचे कारण समजून घेणे अवघड नाही. पाऊस पडून गेल्यावर पैनगंगेकाठच्या काळ्या रानात ट्रॅक्टरचे मागचे चाक जसे जागच्या जागी फिरत राहते आणि इंजिनात जोर असूनही गाडा हलत नाही, तीच गत पाचशे अश्वशक्तीच्या आणि केवळ मागील चाकांवर चालणाऱ्या मोटारीची वळणातून बाहेर पडताना होते. सिएराचे दुखणे हेच होते. उलट चारही चाकांना सतत समान शक्ती दिली तर मोटार वळणात नाक वळवायला नाखूश होते. 'अटेसा ई-टीएस' या यंत्रणेने या दोहोंतून मार्ग काढला. एरवी सारी शक्ती मागील चाकांकडेच जाई. चाकांच्या गतीतील फरक आणि मोटारीला बाजूला ढकलणारा जोर संवेदकांनी टिपला, की तेलाच्या दाबाने एक बहुचकती क्लच आवळला जाई आणि गरजेपुरती, जास्तीत जास्त निम्मी, शक्ती पुढील चाकांकडे वळे. १९८९ साली, संगणक अजून मोटारीत नवखा असताना, हा निर्णय क्षणोक्षणी यंत्राकडून करवून घेणे ही असामान्य कामगिरी होती.

मोटार ऑगस्ट १९८९ मध्ये विक्रीस आली. मार्च १९९० मध्ये निशिनिहोन सर्किटवर काझुयोशी होशिनो आणि तोशियो सुझुकी यांनी कॅल्सॉनिक कंपनीच्या निळ्या रंगातील जीटी-आर पहिल्याच शर्यतीत विजयी केली, दुसरा क्रमांकही मासाहिरो हासेमी व अँडर्स ओलोफसन यांच्या जीटी-आरनेच पटकावला आणि तेथून १९९३ अखेरपर्यंत जपानी टूरिंग कार अजिंक्यपदाच्या २९ पैकी २९ शर्यती या एकाच नमुन्याने जिंकल्या. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी: हे २९ विजय एका चालकाचे वा एका संघाचे नव्हेत. अनेक संघ हीच मोटार चालवत असल्याने चुरस संपली नव्हती, ती जीटी-आर आणि जीटी-आर यांच्यात सुरू होती.

परदेशातही हेच घडले. १९९१ मध्ये बेल्जियममधील स्पा येथील चोवीस तासांची शर्यत तिने जिंकली आणि ऑस्ट्रेलियात जिम रिचर्ड्स व मार्क स्कैफ यांनी १९९१ व १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षे बॅथर्स्ट येथील १००० किलोमीटरची शर्यत तिच्याच बळावर मिळवली. 'गॉडझिला' हे टोपणनाव त्याच देशाने दिले. जादा वजन लादूनही आणि टर्बोचा दाब मर्यादित करूनही ती आटोक्यात येईना, तेव्हा प्रेक्षकांचा रोष वाढला. १९९२ ची शर्यत मुसळधार पावसामुळे थांबवावी लागली; रिचर्ड्स यांची मोटार घसरून मोडलेली असतानाही नियमाप्रमाणे आधीच्या फेरीतील क्रमवारी ग्राह्य धरून तिला विजयी घोषित करण्यात आले आणि पारितोषिकाच्या वेळी जमावाने हुर्यो उडवली. त्याच शर्यतीत रिचर्ड्स यांचे न्यूझीलंडचे स्नेही, १९६७ चे विश्वविजेते डेनी हल्म, हृदयविकाराच्या झटक्याने निवर्तले होते, हे लक्षात घेता त्या दिवशीचा जमावाचा व्यवहार अशोभनीयच म्हणावा लागतो.

१९९३ पासून ऑस्ट्रेलियाने पाच लिटरच्या व्ही-८ इंजिनांना प्राधान्य देणारे नियम आणले, १९९४ पासून जपान दोन लिटरच्या वर्गाकडे वळला आणि जीटी-आरसाठी या मालिकांत जागा उरली नाही. या मोटारीने टूरिंग कार शर्यतींचा बळी घेतला, असा आरोप होतो. तो न्याय्य नाही. नियम सर्वांना सारखेच उपलब्ध होते, ५००० मोटारी बांधण्याची अटही सर्वांना सारखीच होती. निसानने ते नियम इतरांपेक्षा बारकाईने वाचले आणि त्यांची पूर्ण किंमत मोजली, एवढेच.

चिरंजीवाच्या महाविद्यालयाचा संघ यंदा पिथमपूरच्या बाहा एसएई इंडिया या विद्यार्थ्यांच्या मोटारबांधणी स्पर्धेत उतरणार असल्याचे कळले. त्या स्पर्धेची नियमपुस्तिका संघातील प्रत्येकाने, पहिली रेघ कागदावर ओढण्यापूर्वी, मुखपृष्ठापासून अखेरपर्यंत दोनदा वाचावी आणि वजन व टायर यांविषयीची कलमे वेगळी लिहून काढावीत. प्रकृतीस जपावे. पत्रोत्तर पाठवावे.



मामा